डोळा हीच प्रयोगशाळा : बंगळूरमधील सर सी. व्ही. रामन

दरवर्षी २८ फेब्रुवारी रोजी देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा केला जातो. १९२८ साली याच दिवशी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा तो शोध लागला, ज्याने पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळवून दिले. शाळाशाळांतून त्या दिवशी प्रदर्शने भरतात, फेटा बांधलेल्या रामन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि रामन परिणामाची आकृती फळ्यावर काढली जाते. मात्र या शास्त्रज्ञाने आयुष्याच्या अखेरच्या दशकात बंगळूरमध्ये ज्या विषयाचा ध्यास घेतला होता, त्याचा उल्लेख या समारंभांत क्वचितच होतो. तो विषय होता माणसाचा डोळा.

आज घरोघरी मुलांना लहान वयातच चष्मा लागत आहे. नजर नैसर्गिक उपायांनी सुधारण्याचे मार्ग सांगणारी पुस्तके आणि वर्ग यांना तोटा नाही. डोळ्याला सवय लावून नेमके काय साधते आणि काय साधत नाही, हा प्रश्न त्यामुळे अनेकांच्या मनात असतो. स्वतःच्या डोळ्यांना आयुष्यभर उपकरणासारखे वापरणाऱ्या, त्यांच्या बळावर जगन्मान्य होणाऱ्या आणि त्यांच्यावरच अतिविश्वास ठेवून उतारवयात चुकणाऱ्या या माणसाचे चरित्र त्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

त्रिचनापल्ली ते बहुबाजार

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील चंद्रशेखर अय्यर यांना विशाखापट्टणच्या महाविद्यालयात गणित आणि भौतिकशास्त्राच्या अध्यापकाची जागा मिळाली आणि कुटुंब समुद्रकाठी राहावयास गेले. मुलगा विलक्षण बुद्धिमान होता. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९०४ मध्ये तो बी. ए. झाला, तेव्हा त्याचे वय सोळाही पूर्ण नव्हते.

त्यांचा पहिला शोधनिबंध १९०६ मध्ये लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा उगम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील एका साध्या निरीक्षणात होता. वर्णपटमापकावर काम करताना, तिरप्या पडलेल्या प्रकाशाच्या विवर्तनाचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. ते उपकरण कित्येक विद्यार्थी रोज हाताळत असत. रामन यांची नजर मात्र त्या असमानतेवर थांबली.

त्या काळी भारतीय तरुणाला विज्ञानात उपजीविकेची वाट जवळपास नव्हती. १९०७ मध्ये एम. ए. झाल्यावर ते स्पर्धा परीक्षा देऊन सरकारच्या वित्त विभागात दाखल झाले आणि कोलकात्यास साहाय्यक महालेखापाल म्हणून रुजू झाले. नोकरीच्या निमित्ताने ते रंगूनला आणि १९१० च्या सुमारास काही काळ आपल्या नागपूरलाही होते. दिवसभर हिशेबाच्या वह्या आणि सकाळ-संध्याकाळ बहुबाजारातील ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेची प्रयोगशाळा, असा त्यांचा दिनक्रम दहा वर्षे चालला. १९१७ मध्ये मोठ्या पगाराची ही नोकरी सोडून त्यांनी कोलकाता विद्यापीठातील पालित अध्यासन स्वीकारले.

वीणा, मृदंग, तबला या वाद्यांच्या नादावर त्यांनी या काळात केलेले काम प्रसिद्ध आहे. त्या मानाने १९१९ मधील एक छोटा निबंध फारसा कुणाला ठाऊक नाही. अंधारात एखाद्या लहान, प्रखर दिव्याकडे पाहिले असता त्याभोवती किरणांचे एक अस्पष्ट वलय दिसते. हे वलय हवेत नसते. डोळ्याच्या आतील पारदर्शक भागांत प्रकाश विखुरला गेल्यामुळे ते निर्माण होते, आणि रामन यांनी त्याचा अभ्यास केला. डोळा हा जग पाहण्याचे साधन आहेच, परंतु तो स्वतःही पाहण्याची वस्तू आहे, हा विचार त्यांच्या मनात इतक्या लवकर रुजलेला होता. (येथे एक सूचना करणे आवश्यक आहे. दिव्याभोवती पूर्वी न दिसणारी रंगीत वलये एकाएकी दिसू लागली आणि जोडीला डोळा दुखत असेल, तर ते काचबिंदूचे लक्षण असू शकते. अशा वेळी नेत्रतज्ज्ञाकडे तातडीने जावे.)

समुद्राचा निळा रंग

१९२१ मध्ये ऑक्सफर्ड येथील विद्यापीठांच्या परिषदेसाठी रामन प्रथमच परदेशी गेले. परतीच्या प्रवासात ‘नारकुंडा’ या बोटीवरून भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांनी दिवसचे दिवस न्याहाळला. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते आणि ते सर्वमान्य होते. रामन यांच्या खिशात एक निकोल लोलक होता. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश विशिष्ट कोनात ध्रुवित असतो, आणि लोलक योग्य दिशेने फिरवून धरला की तो अडवता येतो. डेकवर उभे राहून त्यांनी तसे करून पाहिले. आकाशाचे प्रतिबिंब नाहीसे झाले, तरी समुद्र निळाच राहिला, किंबहुना अधिक गहिरा दिसू लागला.

याचा अर्थ उघड होता. पाण्याचे रेणू स्वतः प्रकाश विखुरतात आणि त्यामुळे समुद्र निळा दिसतो. बोट मुंबई बंदरात पोचली, तेव्हा सप्टेंबर १९२१ च्या अखेरीस त्यांनी या विषयावरील टिपण ‘नेचर’ नियतकालिकाकडे धाडले. जगातल्या त्या काळच्या अत्यंत प्रतिष्ठित शास्त्रज्ञाचे मत खोडण्यासाठी खिशात मावणारी एक वस्तू आणि पाहण्याची चिकाटी एवढेच पुरेसे ठरले होते.

अंधाराला सरावलेले डोळे

पुढील सात वर्षे रामन आणि त्यांचे विद्यार्थी पाणी, बर्फ आणि नाना प्रकारचे द्रव यांतून विखुरणाऱ्या प्रकाशाच्या मागे लागले. १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना पाण्यातून येणाऱ्या प्रकाशात बदललेल्या रंगाचा एक क्षीण अंश आढळला. पाण्यातील अशुद्धीमुळे तसे होत असावे, असे प्रथम वाटले. पाणी कितीही शुद्ध केले तरी तो अंश गेला नाही. काही वर्षांनी एस. वेंकटेश्वरन यांना शुद्ध ग्लिसरीनमधून निळ्याऐवजी हिरवट प्रकाश बाहेर पडताना दिसला. आता दुर्लक्ष करणे शक्य नव्हते.

१९२८ च्या प्रारंभी रामन आणि के. एस. कृष्णन यांनी जो प्रयोग केला, त्याची रचना शालेय विद्यार्थ्यालाही समजेल अशी आहे. सूर्यप्रकाश मोठ्या भिंगाने एकवटून द्रवावर टाकायचा. प्रकाशाच्या वाटेत एक जांभळी काच ठेवायची, म्हणजे द्रवावर केवळ जांभळा प्रकाश पडेल. दुसरी, जांभळ्याला मुळीच वाट न देणारी हिरवट-पिवळी काच डोळ्यापुढे धरायची. प्रकाशाचा रंग बदलत नसेल, तर या दोन काचांमधून काहीच दिसता कामा नये. परंतु अंधाऱ्या खोलीत बसलेल्या निरीक्षकाला एक मंद रेषा दिसत होती. द्रवातून जाताना प्रकाशाचा अल्पसा भाग रंग बदलून बाहेर पडत होता. साठाहून अधिक द्रवांत हाच अनुभव आला.

हा प्रकाश इतका क्षीण होता की उजेडातून आत आलेल्या माणसाला तो दिसणे शक्य नव्हते. डोळ्याची बाहुली अंधारात काही क्षणांत विस्फारते, परंतु दृष्टिपटलावरील पेशींना पूर्ण संवेदनशील होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. कोलकात्याच्या त्या खोलीत निरीक्षक आधी अंधारात बसून राहत आणि मग पाहत. खेड्यातील वयस्कर माणसे रात्री कंदील न घेता बांधावरून सहज चालत जात, त्यामागेही हेच रहस्य होते. आज रात्री गच्चीवर तारे पाहायला गेलेला माणूस मधूनच मोबाईल उघडतो आणि कमावलेली ती अर्ध्या तासाची संवेदनशीलता क्षणात गमावून बसतो.

२८ फेब्रुवारी रोजी पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश वापरून आणि साध्या वर्णपटदर्शकातून पाहून रामन यांनी बदललेल्या रंगाच्या रेषा स्वतंत्रपणे ओळखल्या. त्यानंतर १६ मार्च १९२८ रोजी या शोधावरचे त्यांचे विस्तृत व्याख्यान झाले ते बंगळूरमध्ये, दक्षिण भारतीय विज्ञान संघापुढे. ज्या शहरात त्यांचे उर्वरित आयुष्य जाणार होते, त्या शहराने ही वार्ता अशी आरंभीच ऐकली. १९२९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९३० चे नोबेल पारितोषिक त्यांना एकट्यास देण्यात आले. विज्ञानाचे नोबेल मिळवणारे ते पहिले आशियाई होत.

बंगळूरमध्ये

१९३३ मध्ये रामन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. जमशेटजी टाटा यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या संस्थेला लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणत, आणि तिचे संचालकपद प्रथमच एका भारतीयाकडे आले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी भारतीय विज्ञान अकादमीची स्थापना केली.

याच १९३३ मधील एक प्रसंग मराठी वाचकांना विशेष जवळचा आहे. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमला भागवत या तरुणीने संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. तिचे वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही त्याच संस्थेत शिकलेले होते. तिची गुणवत्ता निर्विवाद होती. तरीही रामन यांनी केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून तिला प्रवेश नाकारला. कमलाबाई हा नकार घेऊन घरी बसल्या नाहीत. त्या थेट बंगळूरला गेल्या, संचालकांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला हक्क मागितला. अखेर एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अपमानास्पद अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. वर्षभराच्या कामाने रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेची दारे स्त्रियांना उघडली. कमला सोहोनी या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या या विदुषीने १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९४० मध्ये अण्णा मणी रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाल्या आणि नंतर हवामानशास्त्रातील मोठे नाव ठरल्या.

मंद प्रकाशाचा अंश टिपणाऱ्या या माणसाला समोर ठळकपणे उभी असलेली योग्यता दिसली नव्हती. त्या काळाची रीतच तशी होती, असे म्हणून हा प्रसंग बाजूला सारता येत नाही, कारण ती रीत मोडण्याचा अधिकार त्यांच्याच हाती होता. पुरावा समोर आल्यावर त्यांनी मत बदलले, हेही तितकेच खरे आहे. पुरावा समोर येऊनही मत न बदलण्याचा दोष त्यांच्या हातून पुढे, स्वतःच्याच शास्त्रात घडला.

संस्थेचा कारभार त्यांना मानवला नाही. निधीची वाटणी आणि नेमणुका यांवरून वाद झाले आणि १९३७ मध्ये त्यांना संचालकपद सोडावे लागले. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते १९४८ पर्यंत तेथेच राहिले. होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या विभागात काम केले.

फुलबागेतील संशोधक

निवृत्तीनंतर स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. म्हैसूर सरकारने अकादमीला पूर्वीच दिलेल्या अकरा एकर जागेवर त्यांनी १९४८ मध्ये रामन संशोधन संस्था सुरू केली. सरकारी अनुदानाचे त्यांना वावडे होते, त्यामुळे संस्था देणग्यांवर आणि त्यांच्या स्वतःच्या मिळकतीवर चालली. प्रारंभी तेथे वीजही नव्हती. आरशाने सूर्यप्रकाश खोलीत वळवून घ्यायचा आणि त्यावर प्रयोग करायचे, अशी व्यवस्था होती.

या आवारात त्यांनी झाडे लावली, गुलाबाची बाग फुलवली. संस्थेत त्यांनी स्वतः जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय उभे राहिले. हिरे, स्फटिक, शिंपले, फुलपाखरे, रंग बदलणारी पिसे, असा तो संग्रह आहे. एका अंधाऱ्या खोलीत अतिनील किरणांखाली चमकणारी खनिजे मांडलेली आहेत. हिऱ्यावर त्यांनी गंभीर संशोधन केले, तसेच मोत्याची झळाळी आणि ओपलचा रंगखेळ यांच्यावरही. या वस्तूंमध्ये समान दुवा एकच होता, त्या पाहण्यासारख्या होत्या. १९५४ मध्ये भारतरत्न हा सन्मान सुरू झाला, तेव्हा पहिल्या तीन मानकऱ्यांत रामन होते.

साठीचे दशक सुरू झाले आणि सत्तरी ओलांडलेले रामन फुलांकडे वळले. लहानसा वर्णपटदर्शक घेऊन ते पाकळ्यांच्या रंगाचे पृथक्करण करीत. आपल्याला जो जांभळा किंवा निळा रंग एकसंध वाटतो, तो प्रत्यक्षात वर्णपटातील अनेक रंगांचे मिश्रण असतो. त्या मिश्रणात पिवळा भाग असणे किंवा नसणे यावर फुलाच्या रंगाचा झळझळीतपणा मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो, असे त्यांना आढळले. फुलापासून विचार डोळ्याकडे गेला. प्रकाशाच्या लहरींत रंग नसतो, मग तो नेमका कोठे निर्माण होतो, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करू लागला.

स्वतःचे दृष्टिपटल पाहताना

यातून निघालेले संशोधन त्यांनी १९६८ मध्ये ‘द फिजिऑलॉजी ऑफ व्हिजन’ या ग्रंथात एकत्र केले. त्यातील मुख्य प्रयोग अगदी साधा आहे. जिलेटिनच्या पातळ थरात रंग मिसळून तो काचेवर पसरायचा आणि विविध रंगांच्या काचा तयार करायच्या. प्रखर उजळलेल्या पांढऱ्या पडद्यासमोर उभे राहून, नजर एका बिंदूवर स्थिर ठेवून, अशा रंगीत काचेतून काही काळ पाहायचे आणि काच एकदम दूर करायची. त्या क्षणी पांढऱ्या पडद्यावर एक आकृती उमटते. मध्यभागी वर्तुळाकार ठिपका आणि भोवती वेगळ्या छटेचे क्षेत्र. काही क्षणांत ती विरून जाते. रामन यांचे म्हणणे असे की, पाहणाऱ्याला त्या क्षणी स्वतःच्याच दृष्टिपटलाचे कित्येक पटींनी मोठे झालेले चित्र दिसते.

आठ दशके पाहून झाल्यावर एक वृद्ध शास्त्रज्ञ स्वतःच्या डोळ्याचा पडदा बाहेर भिंतीवर पाहत आहे, हे दृश्य कुणाच्याही कल्पनेला भुरळ घालील असे आहे. आणि जे त्यांना दिसत होते, ते खोटे नव्हते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू असतो, तेथील पिवळे रंगद्रव्य निळा प्रकाश शोषून घेते. तेथील पेशींची रचनाही भोवतालच्या भागाहून निराळी आहे. एकाच रंगाकडे टक लावून पाहिल्यावर त्या रंगाला प्रतिसाद देणाऱ्या पेशींची संवेदनशीलता तात्पुरती उतरते आणि हा फरक डोळ्यापुढे उभा राहतो.

चूक होती ती निष्कर्षात. टॉमस यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या काळापासून असे मानले जात होते की, डोळ्यात रंग ओळखणारे तीन प्रकारचे ग्राहक असतात आणि त्यांच्या कमीअधिक प्रतिसादातून सर्व रंग जाणवतात. रामन यांनी हा सिद्धांत नाकारला. मंद प्रकाशातील दृष्टीसाठी दंडाकार पेशींतील ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य कारणीभूत असते, हेही त्यांना मान्य नव्हते. नेमक्या याच वर्षांत अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांनी एकेका शंक्वाकार पेशीवर सूक्ष्म प्रकाशकिरण टाकून तीन भिन्न रंगद्रव्यांचे अस्तित्व थेट मोजून दाखवले. ते वर्ष होते १९६४. दृष्टीच्या रसायनशास्त्रासाठी जॉर्ज वाल्ड यांना १९६७ चे नोबेल मिळाले. रामन यांचा ग्रंथ त्यानंतरच्या वर्षी आला आणि तरीही आपल्या मतावर ठाम राहिला. जगातील दृष्टिशास्त्रज्ञांनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

ज्या डोळ्याने रॅले यांना चुकीचे ठरवले, त्याच डोळ्याने रामन यांना फसवले असे म्हणावे काय? प्रस्तुत लेखकाचे मत वेगळे आहे. बोटीवर त्यांनी निकोल लोलक वापरून आपल्या नजरेची परीक्षा घेतली होती. कोलकात्यात एकाच्या निरीक्षणाला दुसऱ्याच्या निरीक्षणाची, पुढे छायाचित्रांची जोड होती. बंगळूरच्या अखेरच्या वर्षांत मात्र निरीक्षक, निरीक्षणाची वस्तू आणि निवाडा करणारा तिन्ही एकच झाले. जो निबंध लिहायचा तो स्वतःच्या अकादमीच्या नियतकालिकात, जी टीका ऐकायची ती जवळपास कुणाचीच नाही, असा तो एकांत होता.

सवयीने काय साधते

डोळ्याला वळण लावण्याच्या कल्पनेचा एक दुसरा प्रवाह याच शतकात वाहत होता. न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य विल्यम बेट्स यांनी १९२० मध्ये असा दावा केला की, दृष्टिदोष ताणामुळे होतात आणि व्यायामाने चष्मा सोडता येतो. इंग्रज लेखक आल्डस हक्सली यांनी १९४२ मध्ये त्या पद्धतीचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. भारतात पाँडिचेरीच्या श्री अरविंद आश्रमात डॉ. आर. एस. अग्रवाल यांनी तिचा प्रसार केला. रामन यांचा या पंथाशी संबंध नव्हता आणि चष्मा घालवणे हा त्यांच्या अभ्यासाचा विषयही नव्हता.

शास्त्राने बेट्स यांचे म्हणणे मान्य केलेले नाही. दूरचे अंधुक दिसणे, म्हणजे निकटदृष्टिता, बहुधा नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांब झाल्यामुळे येते. तो वाढलेला गोल डोळे फिरवून किंवा तळहाताने झाकून आखूड होत नाही. सूर्याकडे पाहण्याचा जो व्यायाम काही ठिकाणी शिकवला जातो, तो तर घातक आहे, कारण त्याने दृष्टिपटल कायमचे भाजू शकते. रामन यांनी जन्मभर सूर्यप्रकाश वापरला, पण तो पाण्यावर, स्फटिकावर किंवा पडद्यावर पडलेला. मोतीबिंदूवरही शस्त्रक्रियेवाचून उपाय नाही. रामन बंगळूरमध्ये दृष्टीचा सिद्धांत मांडत होते, त्या वर्षांत कर्नाटकातीलच डॉ. एम. सी. मोदी गावोगावी शिबिरे भरवून हजारो गरिबांचे मोतीबिंदू काढत होते. त्या रुग्णांना हवी होती ती शस्त्रक्रियाच.

मग सवयीला काहीच अर्थ नाही काय? आहे, आणि तो रामन यांच्या राहणीशी जुळणारा आहे. चीनमधील ग्वांगझू शहरातील बारा प्राथमिक शाळांत एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे अधिक उघड्यावर घालवण्यास सांगण्यात आले. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना निकटदृष्टिता आली होती, तर इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. घरातील उजेड साधारणपणे काही शे लक्स असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड त्याच्या कित्येक पट असतो. हा प्रखर प्रकाश नेत्रगोलाची अवाजवी वाढ रोखण्यास मदत करतो, असे मानले जाते. लागलेला चष्मा यामुळे सुटत नाही. तो लागण्याची शक्यता कमी होते, आणि म्हणून ही सवय लहानपणीच लावायची असते.

मोठ्यांसाठी गोष्टी अधिक साध्या आहेत. संगणकाकडे पाहताना पापण्या मिटण्याचे प्रमाण घटते आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी नजर उचलून काही सेकंद दूरवर पाहिल्यास शीण कमी होतो. वाचताना उजेड पुरेसा असावा. नंबर आलाच तर चष्मा वापरण्यात कमीपणा मानू नये, कारण लहान मुलाचा चष्मा टाळल्यास त्याची दृष्टी नीट विकसित न होण्याचा धोका असतो. रातांधळेपणा असेल तर कारण आहारातील जीवनसत्त्व ‘अ’च्या कमतरतेत शोधावे लागते. माहितगंगेच्या काठी वाढलेल्या आजच्या बंगळूरमध्ये पडद्यापुढे दिवस काढणाऱ्यांची संख्या मोठी आहे, हे येथे सांगावयास नकोच.

आणखी एक गोष्ट आहे जी चष्म्याच्या नंबराशी निगडित नाही. रात्रीच्या आकाशातील अतिशय मंद तारा सरळ पाहिल्यास हरवतो आणि किंचित बाजूला नजर ठेवल्यास दिसतो, कारण दृष्टिपटलाच्या अगदी केंद्रात मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडाकार पेशी नसतात. आकाशनिरीक्षकांना हे सरावाने येते. डोळा तोच राहतो, परंतु त्याच्याकडून काम करून घेण्याची रीत बदलते. डिसेंबर १९६८ मध्ये अहमदाबादला विक्रम साराभाई यांच्या निमंत्रणावरून रामन यांनी आकाश निळे का असते या विषयावर व्याख्यान दिले, त्यातही हेच सूत्र होते. चांदण्या रात्रीही हवा प्रकाश तसाच विखुरते, मात्र रंग जाणवण्यासाठी डोळ्याला पुरेसा उजेड लागतो, म्हणून आकाशाची निळाई आपल्याला तेव्हा दिसत नाही, हे त्यांनी श्रोत्यांना उलगडून सांगितले. उत्तर सांगण्यापेक्षा प्रश्न पडावयास लावणे त्यांना अधिक आवडे.

अखेर

२ ऑक्टोबरला गांधी स्मृती व्याख्यान देण्याचा प्रघात त्यांनी आपल्या संस्थेत पाडला होता. १९७० चे व्याख्यान त्यांनी कानावर आणि श्रवणावर दिले. डोळ्यानंतर आता दुसरे इंद्रिय त्यांना खुणावू लागले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेत असताना ते कोसळले. रुग्णालयात राहण्यास त्यांनी नकार दिला. अखेरचे दिवस आपल्या संस्थेत, आपण लावलेल्या बागेच्या सान्निध्यात जावेत, अशी त्यांची इच्छा होती आणि ती पुरी करण्यात आली. २१ नोव्हेंबर १९७० रोजी पहाटे त्यांचे निधन झाले. वय ८२ होते. पत्नी लोकसुंदरी आणि दोन पुत्र असा त्यांचा परिवार होता. धाकटे पुत्र व्ही. राधाकृष्णन यांनी नंतर अनेक वर्षे संस्थेची धुरा सांभाळली.

कोणतेही धार्मिक अवडंबर न करता त्यांच्यावर संस्थेच्या आवारातच अंत्यसंस्कार झाले. त्या जागी समाधी किंवा पुतळा नाही. तेथे प्रिमावेरा जातीचे, पिवळी फुले धरणारे एक झाड लावण्यात आले आहे.